रक्त जास्त, त्राण कमी

मागच्या आठवड्यात खडेबाजारात भाजी घेताना एक जुनी मैत्रीण भेटली. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायला होतो. तिने माझा हात धरला, मला खालीवर न्याहाळले आणि म्हणाली, "काय गं, निवृत्ती चांगलीच मानवलेली दिसते! गाल बघ कसे लाल झालेत. आमच्याकडे बघ, रक्तच नाही अंगात."

मी हसले. पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्या क्षणी माझे डोके जड झाले होते, पायांत गोळे आले होते आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसावे की रिक्षा बोलवावी, एवढाच विचार मनात चालू होता. पण लाल गाल असलेल्या बाईने थकले म्हणायचे तरी कसे?

वाचकहो, या सदरात मी आजवर पापड-कुरडयांपासून नातवंडांच्या अभ्यासापर्यंत बरेच काही लिहिले. स्वतःच्या दुखण्यावर मात्र कधी लिहिले नाही. आपल्याकडे दुखणे चारचौघांत मांडू नये, असे आईने शिकवलेले. पण त्या दिवशी घरी येताना वाटले, की माझ्यासारखी एखादी बाई कपाळाला बाम चोळत, घरच्यांची बोलणी ऐकत बसली असेल, तर तिच्यासाठी तरी लिहावे.

माझ्या आजाराचे नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. नाव मोठे आहे, अर्थ सोपा आहे. हाडांच्या आत जो मगज असतो, तिथे रक्ताच्या पेशी तयार होतात. माझ्या मगजाला थांबायचे कधी ते कळत नाही. तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि बहुधा त्यांच्यासोबत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही वाढतात. रक्त दाट होते, हळू वाहते, आणि नको तिथे त्याची गुठळी होण्याचा धोका राहतो. पॅरिसच्या लुई व्हाकेझ या डॉक्टरांनी 1892 मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले आणि 1903 मध्ये विल्यम ऑस्लर यांनी त्याची नीट ओळख पटवून दिली. कारण कळायला मात्र 2005 साल उजाडले. जॅक-टू नावाच्या एका जनुकात बदल होतो आणि शंभरातल्या साधारण पंचाण्णव रुग्णांत तो सापडतो. हा बदल सहसा आईवडिलांकडून आलेला नसतो, तो पुढे कधीतरी आपल्याच शरीरात घडतो. हे मला कळले तेव्हा पहिला सुस्कारा मुलासाठी आणि नातीसाठी सोडला.

पण मला हे कळले 2018 मध्ये. त्याआधी दोन वर्षे मी नुसते डोके धरून होते.

सकाळी दहाच्या सुमारास सुरू व्हायचे. कपाळाभोवती कुणी ओला पंचा पिळून घट्ट बांधल्यासारखे. कानात सतत गुणगुण. फळ्यावर लिहायला वळले, की अक्षरे हलल्यासारखी वाटत. तिसऱ्या तासाला खुर्चीवर बसून शिकवू लागले, तेव्हा मुलांनाच आश्चर्य वाटले, कारण बाई कधी बसत नसत. चष्म्याचा नंबर बदलून झाला. पित्ताच्या गोळ्या झाल्या. सुंठेचा लेप झाला. एका डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि म्हणाले, "या वयात बायकांना असे होतेच." आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बैलहोंगलकडच्या. त्या एकदा भांडी घासता घासता थांबल्या आणि म्हणाल्या, "अक्का, मारी केंपगागेद नोड्री." तोंड लाल झालेय, हे पहिल्यांदा त्यांनी पाहिले. घरच्यांना आणि मला रोज आरशात बघूनही दिसले नव्हते.

आणि त्या दोन वर्षांत मी काय करत होते, तर लोहाचे औषध पीत होते. थकवा म्हणजे रक्त कमी, हे आपल्या डोक्यात इतके पक्के आहे, की दुकानातून बाटली आणताना मी कुणाला विचारलेही नाही. विहीणबाईंनी धारवाडहून अंटिन उंडीचा डबा पाठवला. शेजारणीने बीट, खजूर, अळीव सांगितले. सगळे मायेपोटीच. पण ज्या चुलीवर आधीच दूध उतू चालले होते, त्या चुलीत मी बाटलीभर लाकडे घालत होते.

शेवटी एका नव्या डॉक्टरांनी साधी रक्ततपासणी करायला लावली. हिमोग्लोबिन 18.2 आले. बाईमाणसाचे इतके हिमोग्लोबिन पाहून प्रयोगशाळेतल्या मुलाने पुन्हा रक्त घेतले. दुसऱ्यांदाही तेच. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 56 टक्के होता. मग जॅक-टूची तपासणी झाली, मगजाची तपासणी झाली आणि रक्तविकाराच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळे समजावून सांगितले. त्यात एक शब्द होता. ते म्हणाले, "हा संथ चालणारा आजार आहे, नीट उपचार घेतले तर माणसे वर्षानुवर्षे चांगली जगतात. पण वर्गवारीत हा रक्ताच्या कॅन्सरमध्ये मोडतो."

मी एकटीच गेले होते. आमचे हे बाहेर औषधांच्या रांगेत उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "काय म्हणाले?" मी म्हटले, "रक्त दाट आहे. थोडे काढावे लागेल."

एवढेच सांगितले. तो शब्द मी पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला आणि चेन ओढून टाकली.

उपचार ऐकायला विचित्र आहेत. रक्तदान करतात तसेच आडवे करून पिशवीभर रक्त काढतात. सुरुवातीला आठवड्याला एकदा, मग महिन्याने, मग दोन-तीन महिन्यांनी. हिमॅटोक्रिट 45 टक्क्यांच्या खाली ठेवायचे, हा नियम. तो उगाच ठरवलेला नाही. इटलीत 365 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे प्रमाण 45 च्या खाली ठेवले, त्यांच्यापेक्षा 45 ते 50 मध्ये ठेवलेल्या रुग्णांत गुठळीचे गंभीर विकार आणि त्यांतून होणारे मृत्यू जवळजवळ चौपट आढळले. त्याखेरीज रोज अॅस्पिरिनची छोटी गोळी. पहिली पिशवी काढली तेव्हा मी तिथल्या मुलाला विचारले, "हे कुणाला तरी चढवाल ना?" तो ओशाळून म्हणाला, "नाही मॅडम, हे टाकून द्यावे लागते." वाईट वाटले. आयुष्यभर उरलेल्या भाताचाही फोडणीचा भात करणारी मी!

तिसऱ्या पिशवीनंतर डोके हलके झाले. खरोखर हलके. कपाळाचा पंचा कुणी सोडवल्यासारखे वाटले. त्या दिवशी मी संध्याकाळी पेटी काढून वाजवली.

पण थकवा गेला नाही. उलट वाढला. डॉक्टरांनी सांगितले ते असे. रक्त काढले, की त्यासोबत लोहही जाते. मुद्दामच. लोह कमी झाले, की मगजाला भराभर पेशी करता येत नाहीत. पण लोह फक्त रक्तालाच लागत नाही, ते स्नायूंनाही लागते. शिवाय या आजारात शरीरात दाह वाढवणारी रसायने सतत तयार होत असतात, त्यांनीही माणूस गळून जातो. म्हणजे डोके हलके करायचे, तर पाय जड होणार. तपासणीत लोह कमी दिसले, म्हणून आपल्या मनाने लोहाची गोळी घ्यायची नाही. घेतली की पेशी पुन्हा उसळतात. रोजचे जेवण, भाजी, गूळ यांना त्यांनी बंदी केली नाही. बाटली आणि गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय नाही.

हा थकवा कसा, ते सांगणे अवघड आहे. दिवसभर काम करून येतो तो थकवा झोपेने जातो. हा झोपून उठल्यावर उशाशी बसलेला असतो. केस विंचरताना हात वर धरवत नाही. गॅसवर दूध ठेवून दोन पावले मागे आले, की ती दोन पावले पुन्हा पुढे जाण्याचा कंटाळा येतो. कंटाळाच म्हणायचे, दुसरा शब्द नाही. आणि तोच शब्द घात करतो. आमचे हे म्हणायचे, "थोडी फिरून ये, बरे वाटेल. सगळ्यांनाच या वयात थकवा येतो." नणंद म्हणाली, "सून आली, की सासवांना थकवा येतोच." मी रात्री उशीत तोंड घालून रडले आणि मनात म्हटले, माझ्या दुखण्यावर कुणाचा विश्वास नाही.

2021 च्या गौरी-गणपतीत व्हायचे ते झाले. रक्त काढायची तारीख नेमकी सणाच्या आठवड्यात होती. घरात पाहुणे, पुरणपोळीचा घाट, मी म्हटले, आठ दिवसांनी जाऊ. मग आठाचे पंधरा झाले. डोके पुन्हा जड झाले होते, कान वाजत होते, पण कुणाला बोलले नाही. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी हळदीकुंकवाचे तबक घेऊन मी दारात उभी होते, आणि उजव्या डोळ्यावर वरून पडदा उतरावा तसा अंधार आला. समोरच्या बाईचा अर्धा चेहरा नाहीसा झाला. चारपाच मिनिटांत पडदा वर गेला. मी तबक सुनेच्या हातात दिले आणि काही झालेच नाही असे दाखवून आत गेले.

सूनबाई मागोमाग आली. ती धारवाडची. आमच्या घरात ती मराठी शिकली आणि आम्ही तिच्याकडून मोडके कानडी. तिने माझा चेहरा पाहिला आणि एवढेच म्हणाली, "अत्ती, कूडरी." बसा. खुर्ची ओढली, मला बसवले, पाण्याचा तांब्या हातात दिला. काय झाले ते मी तिला सांगितले. तिने पाहुण्यांची पर्वा केली नाही, पुरणाची केली नाही. रिक्षा बोलावली.

त्या रात्री इस्पितळात डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर सगळे स्पष्ट सांगितले. डोळ्याच्या रक्तवाहिनीत क्षणभर अडथळा आला होता. पुढचा अडथळा मेंदूत येऊ शकला असता. मग आजाराचे पूर्ण नाव, आणि तो शब्दही. हे काही बोलले नाहीत. घरी येताना तिसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक पडले होते. गाडी जाईपर्यंत आम्ही रिक्षात बसून होतो. तेव्हा ते म्हणाले, "तीन वर्षे तू हे एकटीने वागवलेस. आणि मी तुला फिरायला जा म्हणत होतो."

मी काय बोलणार? माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, असे मी तीन वर्षे मनाशी घोकत होते. पण मी पूर्ण सांगितले होते कुठे? "रक्त दाट आहे" एवढ्यावर कुणी काय समजावे? अर्धे लपवायचे आणि पूर्ण समजून घ्या म्हणायचे, हा माझाही अन्याय होताच.

त्यानंतर औषधात हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल वाढली. वयाची साठी ओलांडलेली, त्यात हे घडलेले, म्हणून ती आवश्यक होती. तिच्यासाठी ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते, उन्हात जाताना अंग झाकावे लागते, तोंड आले तर डॉक्टरांना कळवावे लागते. पण रक्त काढण्याच्या खेपा कमी झाल्या.

आणि घरात काही नियम झाले. ते आमचे आहेत. तुमच्या घरात कुणाला असा आजार असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून तुमचे करा.

पहिला नियम डोक्याचा. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर डोके दुखले त्या दिवशी ठिपका मांडायचा. हलके दुखले तर एक, झोपावे लागले तर तीन. ठिपके वाढले, की तारखेची वाट न पाहता रक्त तपासायचे. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर रक्त आणखी दाटते, म्हणून तांब्या-भांडे नेहमी जवळ. डोके दुखले, की दुकानातून मिळेल ती वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. अॅस्पिरिनसोबत अशा काही गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून कोणती चालेल ते डॉक्टरांकडून लिहूनच घेतले आहे. आणि एकाएकी असह्य डोके उठले, दिसेनासे झाले, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर क्षणभरही थांबायचे नाही. 108 ला फोन करून मोठे इस्पितळ गाठायचे. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. हा कागद आम्ही मराठीत आणि कानडीत दोन्ही लिहून फ्रिजवर लावला आहे, कारण घरात त्या वेळी कोण असेल ते सांगता येत नाही. मावशींनाही तो वाचून दाखवला.

दुसरा नियम अंघोळीचा. कडकडीत पाण्याने न्हाले, की या आजारात अंगभर सुया टोचल्यासारखी खाज सुटते. पुरळ काही दिसत नाही, पण अर्धा तास जीव नकोसा होतो. आता कोमट पाणी घेते, पंचाने न घासता टिपून घेते आणि खोबरेल लावते. दिवाळीचे अभ्यंगस्नानसुद्धा कोमट पाण्यानेच.

तिसरा नियम थकव्याचा, आणि तो आमच्या नळाने शिकवला. तुम्हाला आठवत असेल, आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदोनदाच यायचे. भरलेल्या पिंपाकडे पाहून कुणी आधी अंगण धूत नसे. आधी पिण्याचे, मग स्वयंपाकाचे, मग अंघोळीचे, उरलेच तर अंगण. अंगातल्या शक्तीचे तसेच आहे. सकाळी किती भरली आहे ते पाहायचे आणि त्याप्रमाणे काम लावायचे. रक्त काढल्याच्या दुसऱ्या दिवशी पिंप अर्धेच असते, त्या दिवशी आमटी-भात पुरतो. भाजी बसून चिरते. कपडे सूनबाई वाळत घालते, घड्या मी घालते. आणि बरे वाटते त्या दिवशी सगळे उरकून टाकायचा मोह आवरते, कारण एका दिवसाची हौस पुढचे तीन दिवस वसूल करते.

गंमत म्हणजे ह्यांचे "फिरून ये" हेही चूक नव्हते. डॉक्टरही तेच म्हणाले, पडून राहिले की थकवा वाढतो. फरक इतकाच, की आता हे स्वतः सोबत येतात. सकाळी व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली पंधरा मिनिटे, जमले तर वीस. मी थांबले, की ते चपलेतला खडा काढायला वाकतात. रोज त्यांच्या चपलेत खडा कसा जातो, हे मी विचारत नाही.

सगळे दिवस असे सरळ जात नाहीत. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाला चोर्ल्यावरून गोव्याला जायचे होते. घाटाची वळणे, रात्रीचे जागरण आणि आदल्या दिवशीचे तीन ठिपके. मी गेले नाही. भाऊ फोनवर नाराज झाला. पूर्वी असते तर "प्रवास झेपत नाही" म्हणून वेळ मारून नेली असती. या वेळी त्याला आजाराचे नाव सांगितले, तो शब्दही सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "ताई, आम्ही अक्षता टाकून तुझ्याकडेच येतो." लग्नानंतर चौथ्या दिवशी नवी जोडी आमच्या दारात उभी होती.

त्या मैत्रिणीलाही मी परवा फोन केला. बाजारात सांगायचे राहून गेले ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, मीही सहा महिने लोहाचे औषध पिते आहे. तपासणी काही केली नाही." तिला म्हटले, आधी रक्त तपास. तुझे खरोखर कमी असेल, तर औषध चालू ठेव. पण कमी आहे की जास्त, हे गालावरून ठरवू नकोस.

हे लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. नात शाळेतून आली आहे. तिने दिनदर्शिका पाहिली. आज दोन ठिपके आहेत. दप्तर खाली ठेवून तिने खुर्ची माझ्याकडे ढकलली आणि आईच्याच सुरात म्हणाली, "अज्जी, कूडरी."

मी बसले आहे. पोळ्या आज हे करणार आहेत म्हणे. नकाशे खायची तयारी ठेवावी लागेल.